संत गोन्सालो गार्सिया : धर्मासाठी हौतात्म्य की राजकारणाचा बळी?

सांखळीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी जुन्या गोव्यातील मठजीवनावर एक लेख लिहीत आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांच्याविषयी मराठीत भरपूर लिहून झाले आहे आणि २०१५ साली संतपद मिळालेले बाणावलीचे जुझे वाझही गोव्यात घरोघरी ठाऊक आहेत, म्हणून मी मुद्दाम मठातल्या अगदी खालच्या पायरीवरचा माणूस शोधू लागलो. म्हणजे असा संन्यासी, जो धर्मगुरू नाही, ज्याला मिस्सा अर्पण करण्याचा वा पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार नाही, आणि ज्याच्या वाट्याला दार राखणे, रांधणे, आजाऱ्यांची उस्तवार करणे आणि भिक्षा गोळा करणे एवढीच कामे येतात.

शोधताना वसईच्या गोन्सालो गार्सिया यांचे नाव पुढे आले. मात्र एका ठिकाणी त्यांना ‘फादर’, म्हणजे धर्मगुरू, म्हटले आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ‘ब्रदर’, म्हणजे वर सांगितला तसा साधा संन्यासी. एकीकडे ते धर्मासाठी मरण पत्करणारे हुतात्मे ठरतात, तर दुसरीकडे स्पेन आणि जपान यांच्या भांडणात नाहक मारला गेलेला एक दुभाषी. मी स्वतः ख्रिस्ती नाही, त्यामुळे या परंपरेतल्या खाणाखुणा मला आपोआप उमगत नाहीत. अंक वाचणाऱ्यांत दोन्ही समाजांचे लोक असतात. तेव्हा कोणाच्या श्रद्धेची हेटाळणी होऊ नये आणि इतिहासालाही बगल दिली जाऊ नये, असे वाटते. जाणकारांनी त्यांचे आयुष्य जरा तपशिलाने सांगावे आणि हौतात्म्याच्या वादाचे काय करावे तेही सुचवावे. शिवाय त्यांचा गोव्याशी काही संबंध लागतो, की वसईचे म्हणून त्यांना लेखाबाहेरच ठेवावे?

---

वास्कोतला वसईकर

सांखळीकर सर, मी मूळचा वसई तालुक्यातला, पोटापाण्यासाठी वास्कोत राहतो. आमच्याकडे मिस्सा मराठीतून होते आणि गोन्सालो गार्सिया हे नाव लहानपणापासून कानावर असते, त्यामुळे आपल्या प्रश्नाला उत्तर देताना हात थोडा सैल सुटेल, तो गोड मानून घ्यावा.

आधी पहिला घोळ निस्तरतो. ते ब्रदर होते आणि अखेरपर्यंत ब्रदरच राहिले. नाझारेथच्या सुताराचे नाव घेणाऱ्या धर्मात हे कमीपणाचे मानायचे कारण नाही, पण भाविकांना आपला संत ‘फादर’ असावा असे वाटते आणि मग छापील पत्रिकेतही तसे येते.

त्यांचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास वसईत झाला. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगिजांकडे आली होती, म्हणजे त्यांच्या जन्माच्या वेळी तिथे पोर्तुगीज सत्ता येऊन जेमतेम वीस-बावीस वर्षे झाली होती. वडील पोर्तुगीज होते आणि आई इथलीच. किल्ल्यातल्या येशूसंघीय (जेज्युइट) धर्मगुरूंच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले आणि त्यांच्यापैकी सेबास्तियाव गोन्साल्विस या फादरांनी मुलाची हुशारी हेरली. १५७२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास, हा मुलगा त्यांच्यासोबत जपानला गेला.

तिथे त्यांनी सुमारे आठ वर्षे येशूसंघीयांच्या हाताखाली धर्मशिक्षकाचे काम केले. याच काळात ते जपानी भाषा इतकी अस्खलित बोलू लागले, की पुढे त्यांच्या आयुष्याची सगळी चाके त्या एका गोष्टीवर फिरली. त्यांची इच्छा मात्र येशूसंघात प्रवेश मिळवण्याची होती आणि ती विनंती पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली. पंधरा वर्षांच्या पोराला समुद्रापार नेणाऱ्यांनी, त्याच्याकडून वर्षानुवर्षे काम करून घेणाऱ्यांनी त्याला आपला म्हणून घेऊ नये, हे मला तरी आजही खटकते. शेवटी ते बाहेर पडले आणि व्यापारात शिरले. व्यापार चांगला चालला, पैसा आला, ओळखी वाढल्या, आणि त्याच निमित्ताने ते फिलिपिन्समधल्या मनिलाला पोहोचले. तिथे त्यांची गाठ फ्रान्सिस्कनांशी, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या संन्यासी संघाशी, पडली. कमावलेले सगळे सोडून, कमरेला दोरी बांधून, त्यांनी त्या संघात ब्रदर म्हणून व्रते घेतली. येशूसंघाने जे दिले नाही ते फ्रान्सिस्कनांनी दिले, पण तेही शेवटच्या पाटावर.

आता जपान. त्या वेळी तिथे तोयोतोमी हिदेयोशी यांची एकछत्री सत्ता होती. त्यांनी फिलिपिन्सने आपले वर्चस्व मान्य करावे, नाहीतर चढाई करू, असा निरोप मनिलाला धाडला होता. तिथले स्पॅनिश गव्हर्नर गोमेझ पेरेझ दासमारिन्यास यांनी वेळ मारून नेण्यासाठी १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना वकील म्हणून पाठवले. या वकिलातीत जपानी येणारा कोण, तर ब्रदर गोन्सालो. कोरियाच्या स्वारीसाठी हिदेयोशींनी क्युशू बेटावर नागोया येथे तळ ठोकला होता आणि तिथल्या दरबारात या ठिगळ लावलेल्या झग्यांतल्या माणसांची बाजू वसईच्या एका ब्रदरने मांडली. हिदेयोशी खूश झाले आणि त्यांनी या मंडळींना क्योतोत राहण्याची परवानगी दिली, पुढे जागाही दिली.

क्योतोत त्यांनी एक मठ, एक चर्च आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये उभी केली. संत आन्ना आणि संत योसेफ अशी त्यांची नावे होती. त्या काळच्या जपानात कुष्ठरोग्याला घराबाहेर आणि गावाबाहेर घालवून देत असत. अशा रोग्यांचे पाय धुणे, जखमा बांधणे, औषधपाणी करणे ही कामे त्या मठात चालत आणि फादर मंडळींना अजून भाषा जमत नसल्यामुळे रोगी, शेजारी, अधिकारी या सर्वांशी बोलणे ब्रदर गोन्सालोंवर येऊन पडत असे. आपल्याला लेखासाठी मठातला साधा माणूस हवा आहे ना? त्यांच्या आयुष्याचा मध्य इथे आहे. पुढचे दोन महिने सगळ्यांना ठाऊक असतात, ही तीन वर्षे कोणी सांगत नाही.

डिसेंबर १५९६ मध्ये मठाभोवती पहारा बसला. क्योतो आणि ओसाका मिळून चोवीस जण पकडले गेले. शिक्षेचा मूळ हुकूम नाक आणि दोन्ही कान कापण्याचा होता. इशिदा मित्सुनारी या सरदाराने रदबदली करून तो डाव्या कानाच्या पाळीवर आणला. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोत पाळ्या कापल्या गेल्या, त्यांना बैलगाड्यांतून शहरभर फिरवले गेले आणि भर थंडीत नागासाकीकडे पाठवण्यात आले. नागासाकीच का, तर ख्रिस्ती वस्ती तिथे सर्वांत जास्त होती आणि दहशत तिथेच बसवायची होती. हे अंतर आठशे किलोमीटरच्या घरात भरते आणि त्यातले बरेचसे पायी तुडवावे लागले. वाटेत कैद्यांची सेवा करणाऱ्या दोन भाविकांनाही पहारेकऱ्यांनी त्यांच्यात ओढले, म्हणून संख्या सव्वीस झाली.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर क्रूस तयार ठेवले होते. तिथले क्रूस आपण चर्चमध्ये पाहतो तसे नव्हते. हात, पाय आणि मान लोखंडी कड्यांनी अडकवून वरून दोऱ्या आवळत, खिळे ठोकत नसत; नंतर क्रूस उभा करून दोन्ही बगलांखालून तिरपे भाले खुपसत. ब्रदर गोन्सालो टेकडीवर सर्वांत आधी पोहोचले आणि सरळ एका क्रूसापाशी जाऊन हाच माझा का, असे विचारते झाले. तो त्यांचा नव्हता. दुसरा दाखवला तेव्हा त्यांनी गुडघे टेकून त्याला मिठी मारली, असे तिथल्या वृत्तांतात येते. वय चाळिशीचे.

१६२७ मध्ये पोप उर्बान आठवे यांनी त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी सव्वीसही जणांना संतपद दिले. भारतात जन्मलेले पहिले संत ते हेच.

---

फोंड्याचा इतिहासवाचक

वरचे विवेचन उत्तम आहे. मी फक्त वादाच्या मुद्द्यावर लिहितो, कारण सांखळीकरांनी नेमका तोच कळीचा प्रश्न विचारला आहे.

राजकारण होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम हिदेयोशींनी १५८७ मध्येच काढला होता, पण मकावच्या पोर्तुगीज जहाजांचा व्यापार हवा असल्यामुळे त्याची अंमलबजावणी ढिली ठेवली होती. येशूसंघीय त्या फटीत बेताबेताने वावरत होते. त्यातच पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८५ मध्ये जपानचे क्षेत्र येशूसंघाकडे राखून ठेवले होते, त्यामुळे मनिलाहून फ्रान्सिस्कन येऊन उघडपणे चर्च चालवू लागले तेव्हा दोन्ही संघांत जुंपली. फ्रान्सिस्कनांना वाटले, आपण वकील आहोत, आपल्याला अभय आहे. येशूसंघीयांना वाटले, हे सगळ्यांना घेऊन बुडणार. पुढे कित्येक वर्षे दोघेही दोष एकमेकांच्या माथी मारत राहिले, म्हणून या प्रकरणावरचे कोणतेही जुने लिखाण वाचताना लेखक कोणत्या संघाचा आहे ते आधी पाहावे.

ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले ‘सान फेलिपे’ हे मोठे स्पॅनिश गलबत वादळात सापडून जपानमधल्या तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागले. माल प्रचंड होता, हिदेयोशींची तिजोरी कोरियाच्या युद्धाने खंगलेली होती आणि त्याच वर्षीच्या भूकंपाने फुशिमीचा त्यांचा किल्ला पाडला होता. माल जप्त झाला. स्पेनचा राजा आधी मिशनरी पाठवतो आणि मागून सैन्य, अशी बढाई जहाजाच्या सुकाणूदाराने मारल्याचे तेव्हापासून सांगितले जाते. ती खरी की नंतर रचलेली, यावर अभ्यासकांत एकमत नाही; परंतु अटकेचा हुकूम निघाला तो याच धामधुमीत.

इथवर पाहिले तर ‘व्यापारी भांडणाचा बळी’ हे म्हणणे पटू लागते. परंतु मग कोण सुटले आणि कोण मेले, हे पाहावे. सान फेलिपेवरचे खलाशी आणि व्यापारी मारले गेले नाहीत, ते पुढच्या वर्षी मनिलाला परतले. राग केवळ स्पेनवर असता तर आधी त्यांची मान गेली असती. उलट त्या सव्वीस जणांत सहा फ्रान्सिस्कन होते आणि बाकीचे वीस जपानी होते, त्यांपैकी तिघे येशूसंघीय आणि सतरा साधे प्रापंचिक. त्यांत स्वयंपाकी होता, सुतार होता, लुईस इबाराकी नावाचा बारा वर्षांचा मुलगा होता. त्यांचा सान फेलिपेच्या मालाशी काय संबंध? लुईसला तर धर्म सोडलास तर वाचवतो, असे नागासाकीच्या अधिकाऱ्याने सांगितले होते आणि त्याने ते नाकारले.

शिक्षेचा मजकूर फळ्यावर लिहून कैद्यांच्या पुढे नेला जात होता. त्याचा आशय असा होता, की हे लोक वकील म्हणवून फिलिपिन्सहून आले, क्योतोत राहिले आणि मी मनाई केलेल्या ख्रिस्ती धर्माचा प्रचार करत राहिले, म्हणून त्यांना आणि त्यांच्या धर्मात गेलेल्या जपान्यांना मारावे. मारणाऱ्याने स्वतः कारण लिहून दिले आहे. कॅथलिक चर्च हौतात्म्य ठरवताना मुख्यतः दोन गोष्टी पाहते: मारणाऱ्याने धर्माच्या द्वेषापोटी मारले का, आणि मरणाऱ्याने ते स्वेच्छेने पत्करले का. राजकारणाचा वास आला म्हणून हौतात्म्य बाद होत नाही, आणि संत ठरले म्हणून त्यामागचे राजकारण पुसले जात नाही. माझ्या मते आपल्या लेखात दोन्ही शेजारी शेजारी ठेवावे. शीर्षकातला ‘की’ काढून ‘आणि’ घातला तरी चालेल.

गोव्याच्या संबंधाबद्दल थोडेसे. १५८८ मध्ये जपानसाठी फुनाई हा धर्मप्रांत स्थापन झाला आणि तो गोव्याच्या आर्चबिशपांच्या छत्राखाली होता. नागासाकीच्या घटनेच्या वेळी तिथले बिशप होते पेद्रो मार्तिन्स, जे त्याआधी गोव्यात येशूसंघाचे प्रांतप्रमुख होते. वसईही गोव्याच्याच कारभारात. म्हणजे पोर्तुगिजांच्या गोवेकर व्यवस्थेत जन्मलेला आणि शिकलेला माणूस तिच्याच क्षेत्रात परत आला, तो मात्र स्पॅनिश मनिलाचा होऊन. त्याला लेखाबाहेर ठेवण्याचे मला काही कारण दिसत नाही.

---

सांखळीकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. खलाशी सुटले आणि वीस जपानी मारले गेले, हा युक्तिवाद मला थेट लेखात घ्यायचा आहे.

दोन शंका उरतात. इतका मोठा माणूस असूनही गोव्यात त्यांचे नाव फारसे ऐकू येत नाही, असे का? आणि प्रत्यक्ष जुन्या गोव्याच्या एखाद्या मठात राहिलेला, तिथले दार राखणारा असा कोणी ब्रदर हुतात्मा आहे का?

---

वास्कोतला वसईकर

पहिल्या शंकेपुरते लिहितो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि ती गोव्याच्या राजकीय नकाशातून गेली. त्या वेळी गोन्सालो अजून संत झालेले नव्हते. १८३५ च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने आपल्या मुलखातले सगळे पुरुष संन्यासी संघ मोडीत काढले, त्यामुळे १८६२ मध्ये संतपद जाहीर झाले तेव्हा गोव्यात त्यांचा उत्सव हौसेने मांडायला फ्रान्सिस्कन मठच शिल्लक नव्हते. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चला लागून असलेल्या त्यांच्या मठात आज पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. ज्या संताचा संघच गावातून गेला, त्याची नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) कोण ठेवणार?

वसईत मात्र गासला त्यांच्या नावाचे चर्च आहे, वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे आणि किल्ल्यातल्या येशूसंघीय चर्चच्या भग्नावशेषालाही आज लोक त्यांच्याच नावाने ओळखतात. ज्या संघाने त्यांना आत घेतले नाही, त्याच्याच दर्शनी भिंतीवर त्यांचे नाव लागावे, यातली गंमत आमच्याकडच्या बऱ्याच लोकांच्या लक्षात येत नाही.

आणखी एक दूरची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात मिश्र वंशाच्या लोकांनी गोन्सालोंना आपला संत मानले होते. गोऱ्या वर्गातले लोक म्हणत, असा मिश्र रक्ताचा माणूस संत होऊच शकत नाही. तेव्हा १७४५ मध्ये त्या लोकांनी थाटात त्यांचा उत्सव केला आणि एका फ्रान्सिस्कन प्रवचनकाराने भर चर्चमध्ये सिद्ध केले, की यांचे वडील पोर्तुगीज आणि आई वसईची स्थानिक, म्हणजे ते तुमच्यासारखेच. वसई पोर्तुगिजांच्या हातून जाऊन सहा वर्षे झाली होती आणि तिकडे अटलांटिकच्या काठावर वसईच्या आईचा दाखला दिला जात होता.

---

बार्देसकर

सांखळीकर सर, आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तर जुन्या गोव्यातच आहे. क्रूसाचे रेदेम्तो, म्हणजे ब्रदर रेदेम्तुस, हे कार्मेलाइट नावाच्या संन्यासी संघाच्या मठाचे द्वारपाल होते. त्या मठाचे अवशेष जुन्या गोव्याच्या टेकडीवर अजून आहेत, पण बॉम जेझूस चर्चपुढे रांगा लावणाऱ्या पर्यटकांपैकी तिकडे क्वचितच कोणी वळते.

त्यांचे मूळ नाव तोमास रॉड्रिग्ज दा कुन्हा. जन्म १५९८ च्या सुमाराचा, पोर्तुगालमधला. सैनिक म्हणून ते भारतात आले आणि मैलापूरला (आजच्या चेन्नईत) पहारेकऱ्यांचे कप्तान झाले. पुढे तलवार ठेवून त्यांनी कार्मेलाइट संघात ब्रदर म्हणून प्रवेश घेतला. गोव्याच्या मठात त्यांच्याकडे दोन कामे होती: दार राखणे आणि चर्चमधली वस्त्रे, पात्रे, मेणबत्त्या सांभाळणे. एके काळी ज्याच्या हुकमाने वेशीचे दरवाजे उघडत त्याने घंटा वाजली की उठून अडसर काढावा, भिकाऱ्याला भाकर आणि व्हिजरईच्या (पोर्तुगीज राजप्रतिनिधीच्या) माणसाला निरोप द्यावा, हे काम त्यांनी हसतखेळत केले. त्यांचा स्वभाव थट्टेखोर होता.

त्याच मठात एक विलक्षण माणूस होता: फ्रान्समधल्या ओन्फ्लरचा पिएर बर्थेलो. १६०० सालचा जन्म. पोर्तुगीज आरमाराचा मुख्य सुकाणूदार आणि राजाचा नकाशाकार. पूर्वेकडच्या समुद्रांचे त्याने काढलेले नकाशे आजही जपून ठेवले आहेत. वयाच्या पस्तिशीच्या आसपास त्याने हे सगळे सोडून गोव्याच्या कार्मेलाइट मठात प्रवेश घेतला आणि त्याचे नाव दिओनिसियुस झाले. १६३८ मध्ये गोव्याहून सुमात्रातल्या आचे येथे वकिलात पाठवायची ठरली, कारण तिथे नवे सुलतान, इस्कंदर थानी, गादीवर आले होते आणि डचांच्या आधी त्यांच्याशी सलोखा करायचा होता. वकील होते फ्रान्सिस्को द सोझा द कास्त्रो. समुद्र आणि तिथली भाषा ठाऊक असलेला माणूस म्हणून दिओनिसियुस यांची मागणी झाली आणि ऑगस्टमध्ये घाईघाईने त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा देण्यात आली. संघाच्या नियमानुसार सोबतीला एक ब्रदर हवा, म्हणून रेदेम्तुस निघाले. निघताना त्यांनी मठातल्या मंडळींना सांगितल्याचे कार्मेलाइट परंपरा सांगते, की हुतात्मा झालो तर माझे चित्र काढून घ्या, मात्र पाय झग्याबाहेर दिसतील असे काढा, म्हणजे मी अनवाणी कार्मेलाइट असल्याचे सगळ्यांना कळेल.

आचेला उतरताच मंडळी पकडली गेली. महिनाभर कैदेत त्यांच्यापुढे एकच पर्याय ठेवला जात होता: इस्लाम स्वीकारा आणि सुटा. नोव्हेंबर १६३८ च्या अखेरीस समुद्रकाठी दोघांनाही ठार मारण्यात आले. रेदेम्तुस आधी गेले, बाणांनी आणि भाल्यांनी; दिओनिसियुस यांनी मागाहून मरण्याची परवानगी मागून घेतली होती, म्हणजे सोबतच्यांना अखेरपर्यंत धीर देता येईल. प्रत्यक्ष वकिलाला मात्र जिवंत ठेवले आणि काही वर्षांनी सोडले. फोंड्याच्या मित्रांनी वर मांडलेला मुद्दा इथे पुन्हा लागू पडतो: राज्याचा प्रतिनिधी सुटला आणि मठाचा द्वारपाल मेला. १९०० साली पोप लिओ तेरावे यांनी या दोघांना धन्य घोषित केले. संतपद अद्याप मिळालेले नाही, तेव्हा लेखात ‘संत रेदेम्तुस’ असे लिहू नये.

---

कुंकळ्ळीकर

चर्चा चांगली चालली आहे, पण गोव्यात बसून हौतात्म्यावर लिहायचे आणि कुंकळ्ळीचे नाव घ्यायचे नाही, हे मला योग्य वाटत नाही. १५ जुलै १५८३ रोजी आमच्या गावात रोदोल्फो आक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीय मारले गेले. त्यांत फ्रान्सिस्को आरान्य हे सांखळीकरांना हवे तसे ब्रदरच होते, पेशाने इमारती बांधणारे. १८९३ मध्ये चर्चने त्यांना धन्य घोषित केले. परंतु त्याआधी पोर्तुगीज सैन्याने याच भागातली देवळे मोडली होती, आणि त्यानंतर गावच्या सोळा गांवकरांना बोलणी करण्याच्या बहाण्याने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले, त्यांतला एकच निसटला. त्या महानायकांचे स्मारक आज गावात आहे. वाचकाला एकीकडची समाधी दाखवायची आणि दुसरीकडची नाही, असे होऊ नये.

---

फोंड्याचा इतिहासवाचक

आपला आक्षेप रास्त आहे आणि लेखात त्यासाठी एक परिच्छेद असावा. मात्र तिन्ही घटना एका सुरात सांगू नयेत. कुंकळ्ळीत ज्या सत्तेच्या आश्रयाने मिशनरी आले, तिने तिथल्या लोकांच्या देवस्थानांवर आधी हात टाकला होता. गावकऱ्यांच्या बाजूने तो आपल्या देवांचा आणि जमिनीचा बचाव होता. क्योतोत गोन्सालोंच्या पाठीशी ना सैन्य होते ना किल्ला. होते ते कुष्ठरोग्यांचे रुग्णालय आणि मनिलाच्या गव्हर्नरचे एक पत्र. आचेत रेदेम्तुस वकिलातीबरोबर गेले खरे, पण त्यांच्या हाती वाटाघाटींतला एक शब्दही नव्हता. आरान्य यांच्याविषयी इतकेच म्हणता येईल, की चर्चसाठी जागा पाहायला गेलेला बांधकाम जाणणारा ब्रदर व्यक्तिशः कोणाचा शत्रू नव्हता, पण तो ज्या मंडळींबरोबर उभा होता त्यांना गाव शत्रूच मानत होते. सांखळीकरांनी लेखाचा मुख्य धागा गोन्सालो आणि रेदेम्तुस यांच्यावर ठेवावा आणि कुंकळ्ळीला तिच्या दोन्ही बाजूंनिशी स्वतंत्र जागा द्यावी. चार ओळींत ती उरकली तर कोणावर तरी अन्याय होणारच.

---

सांखळीकर

कुंकळ्ळीकर, आपले म्हणणे मान्य. त्यासाठी पुढच्या अंकात वेगळा लेखच घेतो आणि या लेखात तसा स्पष्ट उल्लेख करतो. आता शेवटची एक बारीक शंका: गोन्सालोंचा मृत्यू ५ फेब्रुवारीचा, मग काही दिनदर्शिकांत त्यांचा सण ६ फेब्रुवारीला कसा? आणि काही ठिकाणी त्या दिवसापुढे त्यांचे नावच का नाही?

---

वास्कोतला वसईकर

५ फेब्रुवारीला चर्चच्या दिनदर्शिकेत सिसिलीच्या संत आगाथा यांचा जुना सण आहे, त्यामुळे नागासाकीच्या हुतात्म्यांचा स्मरणदिन एक दिवस पुढे नेला आहे. नावाचे म्हणाल, तर सव्वीस जणांचा सण एकत्र असतो आणि प्रत्येक जण आपला माणूस पुढे काढतो. रोमच्या दिनदर्शिकेत ‘पॉल मिकी आणि सोबती’ असे येते, कारण मिकी हे जपानी येशूसंघीय. फ्रान्सिस्कनांकडे पेद्रो बाप्तिस्ता यांचे नाव आधी लागते. मेक्सिकोत फेलिपे यांचे, कारण ते तिथले. आणि आमच्या वसईत गोन्सालोंचे. नागासाकीत निशिझाकाला १९६२ मध्ये, संतपदाच्या शताब्दीला, स्मारक उभारले आहे, तिथे सव्वीस जणांचे ब्राँझचे पुतळे एका ओळीत उभे आहेत. आपण लेखात मृत्यूची तारीख ५ आणि सणाची ६ अशी दोन्ही द्यावी, आणि नावाआधी ‘ब्रदर’ लिहायला विसरू नये. अंक छापून झाला की एक प्रत वास्कोला पाठवा, टपालखर्च माझ्याकडे.